टॅब जरूर घ्या, पण आधी कपाटं उघडा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात वाचनालयात ग्रंथपाल आहे. सात वर्षं झाली. पुस्तकं साडेचार हजारांच्या आसपास, सभासद कागदावर १४०, नियमित येणारे पंचवीस-तीस. वेळ सकाळी नऊ ते बारा. यंदा गणपतीत आमच्या मुंबईकर मंडळाची सभा आहे. मंडळ वाचनालयाला अडीच लाख रुपये देणार आहे, पण त्यांचं म्हणणं असं की जुनी पुस्तकं रद्दीत द्यावीत, खोली रंगवून दहा टॅब आणि वायफाय बसवावं. आता सगळं मोबाइलवर मिळतं, हवं ते शोधता येतं, मग कपाटं कशाला, असं ते विचारतात. यात पुढाकार माझ्या सख्ख्या दिरांचा आहे. मी विरोधात बोलले तर पगारासाठी बोलते असं लोक म्हणतील. आणि खरं सांगायचं तर रात्री मी स्वतः फोनवरच वाचते. खरंच वाचनालयाची गरज संपली का? सभेत काय बोलू?

— एक ग्रंथपाल

*

तुझं नाव-गाव छापत नाही. वयाने मोठी आहे, म्हणून तू म्हणते.

फोनवर वाचतेस याचं मनाला लावून घेऊ नकोस. मीही वाचते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील पुस्तकातला बारीक टाइप मला त्रास द्यायला लागला, तेव्हा अक्षर मोठं करून वाचता येण्याची सोय फोननेच दिली. मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट उघडता येतो. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. १८८० सालचं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर अख्खंच्या अख्खं चाळता येतं. मी वाचनालयात लागले तेव्हा एखादा जुना शब्द बघायचा म्हटलं तर कुणाला तरी एसटीने रत्नागिरीला पाठवावं लागायचं. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून सभेत बोलायला उभी राहिलीस की पहिलं वाक्य हेच बोल: भाऊजी म्हणतात त्यातलं बरंचसं खरं आहे. मनापासून बोल, कारण ते आहेच तसं.

अडचण आहे ती ‘सगळं’ या शब्दाची.

मोबाइलवर काय मिळतं हे बऱ्याच अंशी लेखक कधी वारला यावर ठरतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो, मग ते सर्वांसाठी खुलं होतं. पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं साहित्य २०११ पासून कुणीही नेटवर टाकू शकतं, छापू शकतं. मुर्डीचे श्री. ना. पेंडसे २००७ साली गेले. त्यांच्या कादंबऱ्या खुल्या व्हायला २०६८ उजाडेल. मधल्या काळात ज्या पुस्तकाची आवृत्ती संपली आणि प्रकाशकाने ई-बुक काढलं नाही, ते वाचायचं कुठे? ते तुझ्या कपाटात आहे. एकोणीसशे पन्नास ते नव्वदच्या मधली कितीतरी मराठी पुस्तकं अशी अधांतरी लोंबकळत आहेत, विकत मिळत नाहीत आणि नेटवर टाकायला कायद्याची परवानगी नाही. व्हॉट्सॲपवर फिरतात त्या पीडीएफ बहुतेक चोरीच्या असतात. घरात कुणी वाचल्या तर तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण अनुदान घेणाऱ्या संस्थेला टॅबमध्ये तसलं काही भरून ठेवता येणार नाही, हे मंडळाला स्पष्ट सांग.

मग विकत घेऊ की ई-बुकं, असं कुणीतरी म्हणेल. घ्या. पण काय घेतोय ते समजून घ्या. ई-बुक एका खात्यावर मिळतं, आणि आपल्याला मिळते ती वाचायची परवानगी, तीही दुकानाच्या अटींवर. २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉनने हक्कांच्या भानगडीमुळे जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रातून, परस्पर काढून टाकली होती. पैसे परत दिले, पण सकाळी उठून बघावं तर पुस्तक नाही. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने तिथल्या वाचनालयांना अट घातली की एक ई-बुक २६ वेळा दिलं की परवानगी संपली, पुढे वाचायला द्यायचं तर पुन्हा विकत घ्या. आता तू उठून एखादी चांगली चाललेली कादंबरी काढ आणि मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी मोज. एकावर एक चिकटवलेल्या दोन-तीन चिठ्ठ्या असतील. २६ चा आकडा पहिल्या चिठ्ठीतच ओलांडलेला दिसेल, आणि ते पुस्तक अजून जाग्यावर आहे.

दुसरी गोष्ट शोधण्याची. नेटवर शोधलं की उत्तर येतं खरं, पण कशाचं येतं ते बघायला माणूस लागतो. आमच्याकडे शाळेतल्या एका मुलाने महर्षी कर्व्यांवर निबंध लिहिला आणि त्यात जंजिऱ्याचा किल्ला आणला. पोराची चूक नव्हती. त्याने ‘मुरूड’ शोधलं, फोनने सगळ्यात गाजलेलं मुरूड दाखवलं, ते रायगडातलं. कर्व्यांचं मुरूड आपल्या दापोली तालुक्यातलं. आपल्या किनाऱ्यावर एकाच नावाची गावं पावलोपावली आहेत. वेळास मंडणगडातही आहे आणि श्रीवर्धनमध्येही.

शिवाय जुन्या मराठी पुस्तकांची जी पानं नेटवर दिसतात ती बरीचशी नुसती छायाचित्रं असतात. आपल्याला त्यावर शब्द दिसतात, यंत्राला दिसतीलच असं नाही. यंत्राकडून अक्षरं ओळखून घेण्याचं काम सुधारत चाललंय, तरी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं पुस्तक असलं की अनुस्वारांचा घोळ होतोच. आपण ‘काही नाही’ असं शोधतो, पुस्तकात ‘कांहीं नाहीं’ असं छापलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी दोघांची गाठच पडत नाही. शोधणाऱ्याला वाटतं, या विषयावर कुणी लिहिलेलंच नाही. हे फार वाईट. पुस्तक नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडे चौकशी करतो, विषयच नाही म्हटलं की घरी जातो.

आता एक प्रसंग सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात एक गृहस्थ आमच्या वाचनालयात आले. मुंबईत वाढलेले, पन्नाशीचे. आजोबा आमच्या भागात शाळामास्तर होते एवढंच त्यांना ठाऊक होतं. आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. नेटवर शोधून झालं होतं, आडनाव घालून, गाव घालून, इंग्रजीत, मराठीत. मीही कपाटं धुंडाळली. काही मिळेना. वर्तमानपत्राच्या टेबलाशी आमचे एक म्हातारे सभासद बसले होते, रोज दहा वाजता येऊन अग्रलेख वाचणारे. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “मास्तर ना? अहो, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आहेत ते. माळ्यावर बघा.”

माळ्यावरच्या खोक्यात मिळाली. पातळ, पिवळी पडलेली, मुखपृष्ठावर सरस्वती. पिना गंजून कागदावर तांबूस डाग उतरलेले. मधल्या पानावर शिक्षकवृंदाचा फोटो, खाली बारीक अक्षरात ‘बसलेले, डावीकडून’ आणि नावं. त्या गृहस्थांनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं, मग बोट वर नेऊन चेहरे मोजले. चौथ्या चेहऱ्यावर बोट थांबलं. टोपी घातलेला, एक हात गुडघ्यावर, कान मोठे. ते काहीच बोलले नाहीत. त्यांचेही कान तसेच होते, ते मला तेव्हा दिसलं.

त्या स्मरणिकेच्या फार तर दोन-तीनशे प्रती छापल्या असतील. तिचं नाव कुठल्याच संकेतस्थळावर नाही. त्या दिवशी तीन गोष्टी लागल्या: कुणीतरी जपून ठेवलेलं खोकं, ज्याच्या डोक्यात ते आहे असा माणूस, आणि त्या माणसाने रोज येऊन बसावं अशी जागा. दहा टॅब बसवून या तिन्हींपैकी काहीच आलं नसतं.

आणि हे उलटं झालेलंही मी पाहिलं आहे. दुसऱ्या एका वाचनालयात, नाव सांगत नाही, जागा हवी म्हणून जुन्या मासिकांचे बांधीव खंड वजनावर दिले. मी त्या बैठकीला पाहुणी म्हणून हजर होते. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. टेम्पो गेल्यावर कळलं की त्या खंडांत गावच्या नाट्यमंडळाची जाहिरातपत्रकं आणि जत्रेच्या हस्तपत्रिका कुणीतरी नेटकेपणाने चिकटवून बांधून घेतल्या होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत. तेव्हा गप्प बसले याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तुला इतकं लांबलचक लिहितेय त्याचं कारणही तेच आहे.

तर काय करायचं ते ऐक. सभेत वाद घालायच्या आधी भाऊजींना गाठ. चाकरमानी गणपतीच्या दोन दिवस आधी येतातच. घरी, पडवीत, चहाच्या वेळी सांग, “भाऊजी, एक दुपार मला द्या, आणि तुमचा फोन घेऊन वाचनालयात या.” दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, काढ. प्रत्येक कपाटातून डोळे मिटून दहा पुस्तकं उचला. तू नाव वाच, त्यांनी फोनवर शोधायचं. वहीत चार रकाने पाडा: पूर्ण आणि फुकट मिळालं, विकत मिळतं, नुसतं नाव दिसतं, मागमूसच नाही. त्यांच्याच हाताने लिहून घे. मग स्थानिक कपाटाकडे वळा: स्मरणिका, देवस्थानाची माहितीपत्रकं, ग्रामदैवताच्या आरत्यांची पुस्तिका, कुलवृत्तांत, जुने दिवाळी अंक, वाचनालयाचे स्वतःचे अहवाल. तिथे चौथा रकाना भरत जाईल. सभेत ती वही भाऊजींनाच वाचून दाखवू दे. तुझ्या तोंडून ते गाऱ्हाणं वाटेल, त्यांच्या तोंडून माहिती.

यात एक प्रामाणिकपणा पाळ. पहिल्या दोन रकान्यांत बरीच पुस्तकं येतील, आणि काही पुस्तकं कुठल्याच रकान्यात ठेवण्याजोगी नसतील. दहा वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षेची गाइडं, कालबाह्य अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, कसरीने जाळी झालेली पुस्तकं, एकाच कादंबरीच्या तीन प्रती. ती काढायलाच हवीत. गच्च कोंबलेल्या कपाटातून कुणी पुस्तक घेत नाही, हे तुलाही माहीत आहे. फक्त रीतसर काढा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता आणि अनुदान मिळतं, वाचनालयाचा वर्ग, म्हणजे सरकारी दर्जा, टिकवायला पुस्तकांची ठरावीक संख्या लागते आणि तपासणीला दाखल रजिस्टर बघतात. कार्यकारी मंडळाचा ठराव, बाद पुस्तकांची यादी आणि रजिस्टरात नोंद, यांशिवाय एकही पुस्तक रद्दीत जाता कामा नये. सभेच्या आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ये. सगळी पुस्तकं काढली तर मान्यतेचं आणि अनुदानाचं काय होईल, हे तिथून लेखी घेतलंस तर अर्ध्या सभेला तेच उत्तर पुरेल.

अडीच लाख मात्र सोडू नका. मुंबईतल्या माणसाने गावच्या वाचनालयासाठी खिशात हात घालणं ही साधी गोष्ट नाही. माझा हिशोब असा. दहा टॅबऐवजी एक चांगला संगणक आणि दोन टॅब. एक टॅब मोठ्या पडद्याचा, ज्यांना बारीक दिसत नाही त्या आजी-आजोबांसाठी. इन्व्हर्टर, कारण आपल्याकडे वाऱ्याची झुळूक आली की लाईट जाते. पोलीस भरती, एमपीएससी करणाऱ्या मुलांसाठी चार टेबलं, वर चांगला उजेड, भिंतीला प्लगपॉइंट. या मुलांना नेटची खरी गरज आहे, आणि घरात बसून अभ्यास करायला जागा नसते. उरलेल्या पैशात कपाटांची डागडुजी आणि नवी पुस्तकं. आणि वाचनालयाची वेळ बदला. सकाळी नऊ ते बारा उघडं ठेवलं तर येणार कोण? पोरं कॉलेजात, बायका कामात, माणसं बागेत नाहीतर बंदरावर. शेवटच्या एसटीने मुलं परततात त्यानंतर तासभर तरी उघडं राहायला हवं. १४० सभासदांतले पंचवीस-तीसच का येतात, याचं एक कारण मला तरी तुमच्या दारावरच्या वेळेच्या पाटीत दिसतं. ते बदलणं तुझ्या हातात आहे.

संगणकाचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. त्या चौथ्या रकान्यातली चोपडी त्यात उतरवून घ्या. कागदाचा भरवसा मलाही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली तेव्हा किती घरांतली, किती संस्थांची कागदपत्रं चिखलात गेली ते आपण पाहिलं. आणि त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं आठवड्यांमागून आठवडे अंधारात होती, फोन चार्ज करायला जागा नव्हती, टॉवर बंद. तेव्हा मुलं दिवसाउजेडी पडवीत बसून पुस्तकंच वाचत होती. पुराने कागद जातो आणि वादळाने नेट जातं. आपण दोन्हीच्या वाटेत राहतो, म्हणून दोन्ही ठेवायचं. स्मरणिका ज्या संस्थेची आहे तिची लेखी संमती घे, पानं सरळ उजेडात स्कॅन कर, फाइलला संस्थेचं नाव आणि साल दे, एक प्रत वाचनालयात आणि एक मुंबईच्या मंडळाकडे ठेव. ती जबाबदारी भाऊजींना द्यावीस असं मला वाटतं. त्यांना काहीतरी नवं उभं करायचंय, आणि हे खरोखरच नवं आहे.

राहिला तुझ्या पगाराचा प्रश्न. तू लाजतेस ते मला पटत नाही. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं एक सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. पुस्तक आपल्या पायांनी वाचकाकडे जात नाही. टॅबही जात नाही. कुणीतरी सांगावं लागतं की बाई, तुम्हाला हे आवडेल. सात वर्षांत कुणाला काय आवडतं ते तुला पाठ झालं असेल. मानधनाचा विषय कुणी काढलाच तर मान खाली घालू नकोस. सरळ म्हण, “हो, माझं घर काही अंशी यावर चालतं, आणि टॅब आणलेत तरी ते उघडून द्यायला, बिघडले तर दुरुस्तीला पाठवायला, पोरांना खरी माहिती कुठली ते सांगायला माणूस लागणारच आहे. ती मी असेन की दुसरी कुणी, ते तुम्ही ठरवा.” एवढं बोलून खाली बस.

एकच घाई करू नकोस. गणपतीत सभा होईल, उत्साहात लोक म्हणतील की आजच कपाटं रिकामी करून टाकू. भाद्रपदात पागोळ्या गळत असताना पुस्तकं बाहेर काढलीस तर आठ दिवसांत बुरशी धरेल. ऑक्टोबरची कोरडी हवा येऊ दे. तेव्हाही थेट उन्हात नको, पानं ठिसूळ होतात. पडवीत, वाऱ्याला, पुस्तकं उभी करून पानं थोडी उघडी ठेवायची. स्मरणिका मात्र आत्ताच खाली काढ. त्यांच्या गंजलेल्या पिना बोथट सुरीने हळूच उचकटून काढ आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मार. ते काम सभेपर्यंत थांबवायची गरज नाही.

— ताई